हौ म्हटलं होतं

मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाला आयुष्याचा अर्थ कळलेला असतो. मला परत आल्यावर पहिल्यांदा कळलं ते हे, की हैदराबादेत, काचीगुड्यातल्या आमच्या गल्लीत नळाला पाणी यायची वेळ बदलली आहे. दुसरी गोष्ट कळायला बराच वेळ लागला, आणि तिच्याबद्दलच हे लिहितो आहे.

मला मानेत गाठ झाली होती. लिम्फोमा. उपचार झाले, गाठ गेली, केस परत आले. पूर्वीपेक्षा कुरळे आले, हा या रोगाने केलेला एकमेव विनोद. ज्यांचं हे आता सुरू होतंय त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहा, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. तर उपयोगाच्या गोष्टी आधी सांगून टाकतो. केमोच्या खुर्चीत बसायला जाताना मोजे घालून जा, तिथला एसी पेशंटसाठी लावलेला नसतो. सुई लागायच्या आधी लघवीला जाऊन या. आणि शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने काही मागितलं, तर हो म्हणण्याआधी विचार करा.

मोजे मी नेले होते.

चांगल्यातला

निदानाच्या दिवशी डॉक्टर बराच वेळ कॉम्प्युटरकडे बघत होत्या. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, "सर, हा चांगल्यातला कॅन्सर आहे."

मी इतिहास शिकवायचो. जामबागेतल्या एका कॉलेजात जन्मभर मी मुलांना चांगल्यातले सुलतान आणि वाईटातले सुलतान शिकवले, त्यामुळे वर्गवारी ओळखीची होती. चांगल्यातल्यांनीही माणसं मारलीच होती, पण हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. त्या चांगल्या मुलीसारख्या दिसत होत्या आणि बाहेर रांग होती.

माझी बायको करुणा शेजारी बसली होती. ती रडली नाही. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला आणि विचारलं, "यांना दही चालेल ना?"

परतताना रिक्षात तिने माझा हात धरला आणि डोळे मिटले. ओठ हलत होते. ती प्रार्थना करत होती हे मला कळत होतं. रिक्षावाला आरशातून बघायला लागला, तसा मी म्हणालो, "निदान सिग्नल सुटेपर्यंत थांब. त्याला वाटेल तुलाच काहीतरी झालंय."

तिने डोळे उघडले नाहीत. त्या दिवशी मी बोललेलं हे एकच वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं, आणि विसरता आलं तर बरं होईल.

आम्ही मराठी ख्रिस्ती. आजोबा जालन्याकडचे. वडील रेल्वेत लागले, काचीगुड्याला उतरले ते उतरलेच. घरात मराठी, रस्त्यावर दखनी, शेजारी तेलुगू. करुणाचा विश्वास पक्का आहे. माझा कधी पातळ झाला ते सांगता येणार नाही, कारण काही घडलं नाही. कुणी मेलं नाही, कुणाशी भांडण झालं नाही, मी फक्त वाचत गेलो. दर रविवारी मी करुणाबरोबर उपासनेला जातो. गाणी म्हणतो, कारण चाली चांगल्या आहेत. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांबरोबर डोळे मिटतो. आत बहुतेक वेळा काही नसतं. कधीकधी झोप असते.

सलाम

आमच्यात भेटल्यावर "सलाम" म्हणतात. मराठवाड्याकडच्या ख्रिस्ती घरांतली ही जुनी रीत आहे. त्याचा अर्थ शांती. पुण्या-मुंबईकडे हे ऐकून लोक जरा चमकतात. हैदराबादेत कुणी चमकत नाही, आणि घोटाळा होतो तो तिथेच.

केमोचा पहिला दिवस. मोठा हॉल, भिंतीला लागून रेलायच्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी एक सलाइनचा खांब. नर्सने दारातून पुकारलं, "याकोबु गारू!" माझं नाव याकोब. तेलुगूत ते असं लांबतं, आणि गारू म्हणजे साहेब. मी जाऊन बसलो, हातात सुई गेली, आणि तेवढ्यात आमच्या चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले. पाळकसाहेबांचा आवाज मैदानासाठी घडवलेला आहे आणि तो ते खोलीतही तसाच वापरतात.

करुणा उठून म्हणाली, "सलाम, पाळकसाहेब."

"सलाम, सलाम!"

माझ्या शेजारच्या खुर्चीत एक गृहस्थ डोळे मिटून पडले होते. पांढरी दाढी, अंगावर शाल. त्यांनी डोळे न उघडताच उत्तर दिलं, "वालेकुम अस्सलाम."

एका पेशंटजवळ एकच माणूस, असं म्हणून नर्सने पाळकसाहेबांना दारातूनच परत पाठवलं. ते गेल्यावर गृहस्थांनी डोळे उघडले.

"याकूब साब ना? सिस्टर नाम पुकारी."

"याकोब," मी म्हणालो.

"हौ, याकूब," ते म्हणाले, आणि विषय संपला. "मैं हबीब."

मी दुरुस्ती केली नाही. हातात सुई होती, आणि स्वतःचा धर्म परक्या माणसाला समजावून सांगण्यासाठी लागतो तो उत्साह माझ्यात तब्येत चांगली असतानाही नसतो. पुढच्या वेळी सांगू, म्हटलं. पुढच्या वेळी खट्टा आला.

खट्टा

केमोनंतर तोंडाला लोखंडाची चव येते. करुणाने वरण केलं, मऊ भात केला, पेज केली, नाचणी केली. सगळं दोन घासांत परत. ती ताट उचलून न्यायची तेव्हा तिच्या पाठीकडे बघवायचं नाही. एकदा मी चिडून म्हणालो, "तुझ्या उपवासांऐवजी मिठाकडे लक्ष दे." ती माझ्यासाठी दर शुक्रवारी उपवास करत होती. तिला डायबेटिस आहे. आमची मुलगी नेहा गच्चीबावलीला नोकरी करते. ती रजा काढून आली होती आणि लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "पप्पा, दॅट वॉज नॉट फेअर. सॉरी म्हणा." मी म्हटलं नाही. माझ्या आजारपणात घरातले सगळे माझ्याशी फार चांगले वागत होते, आणि मी त्याचा पुरेपूर गैरफायदा घेतला.

तर दुसऱ्या वेळी हबीबभाईंच्या बायकोने, शाहीन आपांनी, स्टीलच्या डब्यातून चिंचेचा खट्टा आणला. चिंचेचं पातळ सार, वर कढीपत्ता आणि जिऱ्याची फोडणी. "दो चम्मच लो भाईसाब, जी हल्का होता." मी दोन चमचे घेतले. मग वाटीभर घेतला. तो पोटात राहिला. करुणा समोर उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद आणि अपमान एकाच वेळी मी पहिल्यांदाच पाहिला. मग तिने शाहीन आपांना विचारलं, "फोडणी किसमें देते आप?"

हबीबभाईंचं नामपल्लीला दुकान होतं. नवरदेवांच्या शेरवान्या भाड्याने द्यायच्या. साफे, मोत्यांच्या माळा, मोजडी, सगळं. आता मुलगा बघतो. सलाइनच्या थेंबांकडे बघत ते सांगायचे, "याकूब साब, शहर का हर दूल्हा एक दिन का नवाब रहता. दूसरे दिन दोपहर तक वापस ला के देना पड़ता. कोई कोई रो देता, इत्ता जी लग जाता शेरवानी पे." मोठेपणाची मला आयुष्यभर ॲलर्जी, आणि इथे एक माणूस तो धुऊन, इस्त्री करून भाड्याने देत होता. मला हबीबभाई आवडले. आमच्या तारखाही एकाच दिवशी पडत होत्या. त्यांचा चांगल्यातला नव्हता.

घरी करुणाने विचारलं, "ते तुम्हाला याकूब का म्हणतात?"

"उच्चार आहे," मी म्हणालो.

हौ

अर्धे उपचार झाल्यावर दोघांचेही स्कॅन झाले. माझी गाठ निम्म्यावर आली होती. हबीबभाईंनी त्यांच्या गाठीबद्दल काही सांगितलं नाही. खुर्चीत बसल्यावर बराच वेळ त्यांनी शालीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मग म्हणाले, "याकूब साब, एक बात बोलूँ? दुआ में मेरा नाम ले लेते क्या? अपने लिए माँगते माँगते शरम आ री मेरेकू."

"हौ," मी म्हणालो.

हैदराबादचा "हौ" म्हणजे साधा "हो". पण तो जरा नाकातून लांबवला की त्यात शब्द दिल्याचं वजन येतं. मी लांबवला.

त्यानंतर दर वेळी सुई लावून झाली की ते विचारायचे, "याद है ना?" आणि मी म्हणायचो, "हौ."

एकदा प्रयत्न केला, हे खरं आहे. संध्याकाळी बाल्कनीत उभं राहून डोळे मिटले. "हबीबभाईंना" इथपर्यंत आलो. पुढे कुणाला उद्देशून बोलायचं ते ठरेना. शिवाय, ज्याला मी मुसलमान वाटतो त्याच्यासाठी मी कुठल्या पद्धतीने मागायचं, हाही प्रश्न मी स्वतःपुढे ठेवला. असे प्रश्न स्वतःपुढे ठेवायची मला सवय आहे, त्यांनी वेळ चांगला जातो. आत कुकरची शिट्टी झाली आणि मी सुटलो.

माझ्या घरात एक बाई होती जी रोज सकाळी चहाच्या आधी माणसांची नावं घेऊन प्रार्थना करत होती. शेजारच्या तेलुगू काकूंचा गुडघा, नेहाच्या ऑफिसातली बाळंत व्हायची मुलगी, सगळे त्यात होते. तिला नुसतं "हबीबभाईंचंही नाव घे" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मग ते माझ्याकडेच का मागतायत आणि मी याकूब कसा, हे सांगावं लागलं असतं. ते टाळायला मी गप्प राहिलो. नास्तिकपणाला निदान काहीतरी तत्त्व असतं. हा नुसता ओशाळेपणा होता.

टोकन नसलेलं जग

त्याच सुमारास पाळकसाहेबांनी येणाऱ्या नव्या जगावर प्रवचन दिलं. तिथे दुखणं नाही, मरण नाही, युद्ध नाही, सिंह बैलाबरोबर गवत खातो. माझा चेहरा मास्कखाली होता, तरी करुणाने कोपर मारलं.

घरी येताना मी म्हणालो, "सिंहाला विचारलंय का कुणी? गवत पचायला चार पोटं लागतात."

"तुम्हाला सिंह दिसतो," करुणा म्हणाली. "मला ओपीडी दिसते."

"म्हणजे?"

"रिकामी ओपीडी. पंखा चालू आहे, खुर्च्या रिकाम्या, काउंटरवरच्या त्या ओरडणाऱ्या बाईला काही कामच नाही. टोकन नाही, फाइल नाही. कुणीतरी आत येतं आणि विचारतं, इथे पूर्वी काय होतं हो?" मग म्हणाली, "मी ते रोज बघते. तुम्हाला सुई लावून झाली की मी बाहेर जाऊन बसते, तेव्हा तेच बघत असते. नाहीतर मला तिथे बसवणार नाही."

मला वाटत होतं ती बाहेर बसून विणकाम करते.

"आणि हबीबभाई?" मी विचारलं. "तुमच्या पाळकसाहेबांच्या मते ते असतील तिथे?"

"कोण असेल ते पाळकसाहेब नाही ठरवत. मीही नाही."

"मग?"

"मी आधी गेले तर बसमध्ये टाकतात तसा रुमाल टाकून ठेवीन. हबीबभाईंना एक, शाहीन आपांना एक. ज्याला उठवायचंय त्याने येऊन उठवावं."

मी हसलो. काचीगुडा चौकापर्यंत हसू टिकलं. मग लक्षात आलं, की ज्या जगावर माझा विश्वास नाही तिथे माझी बायको त्या माणसासाठी जागा धरायला निघाली होती, आणि या जगात त्याने माझ्याकडे मागितलेलं अर्धं मिनिट मला देता आलेलं नव्हतं.

क्लिअर

शेवटच्या स्कॅनचा निकाल सांगताना डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत नव्हत्या. "क्लिअर," त्या म्हणाल्या. या वेळी करुणा रडली. नेहा रडली. मी रडलो नाही, कारण मला खरोखरच पहिल्यांदा भूक लागली होती.

बाहेर कॉरिडॉरमध्ये हबीबभाई फाइल घेऊन उभे होते.

"क्या बोले?"

"क्लिअर बोले."

त्यांनी मला मिठी मारली. त्यांच्या शालीतून औषधाचा आणि अत्तराचा मिळून एक वास आला. "मुबारक, याकूब साब. मुबारक."

"और आपका?"

"दूसरी दवा शुरू करते बोले. परसों से." हैदराबादेत परसों म्हणजे उद्यानंतरचा कुठलाही दिवस. मग त्यांनी माझा हात दाबला. "तुम मगर मेरी दुआ बंद नक्को करो. तुम्हारी लगती दिखता."

त्यानंतर त्यांचे फोन आले. मी उचलले नाहीत. स्क्रीनवर नाव दिसायचं, वाजून वाजून थांबायचं. मग मी पेपर उघडायचो आणि एकच बातमी पुन्हा पुन्हा वाचायचो.

शिक्षा

आमच्याकडे आजारातून उठलेल्या माणसाने मंडळीसमोर उभं राहून साक्ष द्यायची असते. मंडळी म्हणजे चर्चमधले सगळे. देवाने आपल्याला कसं बरं केलं ते सांगायचं. कोर्टातल्या साक्षीपेक्षा ही सोपी, उलटतपासणी नसते. पाळकसाहेबांनी मला न विचारता तारीख ठरवली आणि फ्लेक्स करायला दिला. फ्लेक्सचा मजकूर व्हॉट्सॲपवर नेहाने पाठवला. नेहा मराठी बोलते झकास. वाचते अडखळत, लिहिते रोमन लिपीत, आणि बाकीचं फोनवर सोडते. नामपल्लीचा छापणारा तेलुगू. शनिवारी सकाळी चर्चच्या फाटकावर माझ्या फोटोखाली मोठ्या लाल अक्षरांत लागलं:

रविवारी बंधू याकोब यांची शिक्षा. सर्वांनी अगत्य यावे.

नेहाने हात जोडले. "सॉरी पप्पा, मी साक्षच टाइप केलं होतं. ऑटोकरेक्ट झालं."

सगळे हसत होते. मी पण हसायला गेलो आणि हसू आलं नाही. घरी येऊन करुणाला सगळं सांगितलं. याकूब, खट्टा, दुआ, बाल्कनी, कुकर, फोन. मधे मधे गंमतही करत होतो, कारण मला तसंच सांगता येतं. तिने मटार सोलायचे थांबवले.

"मला नुसतं नाव सांगितलं असतंत तर मी केली असती," ती म्हणाली. "रोज केली असती."

"माहीत आहे."

"माहीत होतं आणि नाही सांगितलंत."

तिने परत शेंगा सोलायला घेतल्या. थोड्या वेळाने वर न बघताच म्हणाली, "उद्या उभं राहायच्या आधी आज तिकडे जाऊन या."

"जाऊन काय सांगू?"

"मला सांगितलंत तेच. फक्त विनोद वगळून."

नामपल्ली

त्यांचं घर दुकानाच्या वरच. जिन्यावर प्लास्टिकच्या पिशव्यांत शेरवान्या लटकत होत्या आणि त्यांच्यातून वाट काढत वर जावं लागत होतं. हबीबभाई पलंगावर उशांना टेकून बसले होते. दाढी गेली होती. दाढीशिवाय ते कुणाच्यातरी धाकट्या भावासारखे दिसत होते.

"आओ याकूब साब. फोन खराब हो गया क्या?"

"नहीं. मैं उठाया नहीं."

"हौ, वही मैं बोला शाहीन को. फोन अच्छा है, साब का जी खराब है."

मी बसलो आणि विनोद वगळून सांगायला सुरुवात केली. "हबीबभाई, मैं मुसलमान नहीं हूँ. ईसाई हूँ. आप याकूब समझे, मैं बोला नहीं."

हबीबभाई स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "शाहीन, सुन री? साब ईसाई हैं बोल रें."

आतून आवाज आला, "अल्ला, अब बोल रें?"

"आपको मालूम था?"

"तीसरी बार आए तब से. तुम्हारे पादरी साब नीचे लिफ्ट के पास टाई लगा के खड़े थे. मेरेकू एक पर्चा दिए. बोले, हमारे याकोब साब के वास्ते भी दुआ करो."

"तो बोले काइकू नहीं?"

"तुम नहीं बोले. मैं समझा याकूब बोले तो तुमना अच्छा लगता."

आतून शाहीन आपांचं हसणं ऐकू आलं. मलाही हसू यायला लागलं होतं. तेवढ्यात हबीबभाई म्हणाले, "दुआ मगर करे ना?"

इथे गंमत करायला जागा होती. मी ती शोधतही होतो.

"नहीं," मी म्हणालो. "नहीं करा. एक बार भी नहीं."

ते शालीचं टोक बोटाला गुंडाळायला लागले. "नमाज़ का सोच के नहीं करे?"

"वो भी. मेरेकू दुआ करने आती नहीं, हबीबभाई. बहुत साल से नहीं आती."

"मैं नमाज़ बोला था क्या? दुआ बोला था." त्यांचा आवाज चढला नव्हता. "नहीं आती तो नहीं बोलना था. मैं बुरा नहीं मानता. हौ बोले तुम. हर बार हौ बोले." मग खिडकीकडे बघत, "मैं तो करा ना. पादरी साब बोले तब से. हर जुमे को तुम्हारा नाम लिया."

खाली रस्त्यावर एक टेम्पो मागे येत होता, त्याची ट्यूं ट्यूं बराच वेळ चालू होती.

"तुम अच्छे हो गए बोले, मेरेकू अच्छा लगा," हबीबभाई म्हणाले. "घर आ के बुरा भी लगा. झूट काइकू बोलूँ."

शाहीन आपा दारात येऊन उभ्या राहिल्या. हाताला पीठ लागलेलं होतं. "नहीं करे तो अब कर लो भाईसाब. यहीं बैठ के कर लो. फिर खाना खाते."

मी हबीबभाईंकडे बघितलं. ते नाही म्हणतील असं वाटलं. त्यांनी तळहात वर करून मांडीवर ठेवले आणि वाट बघू लागले.

मला दुसरी कुठलीच पद्धत येत नाही, म्हणून मी मराठीत बोललो. म्हणालो, हा हबीब आहे. याला गाठ आहे. माझी नेलीस, ती का नेलीस ते मला कळलेलं नाही, आणि याची का ठेवलीस तेही कळलेलं नाही. तू आहेस की नाही हेही मला माहीत नाही, पण याने तुझ्याकडे माझं नाव घेतलं, तर याचं नाव मी घेतो. करुणा म्हणते एक असं जग येणार आहे जिथे ओपीडी रिकामी असेल. ते यायचंच असेल तर हा माणूस आहे तोवर येऊ दे. आणि तोवर याचं दुखणं कमी कर, याला झोप लागू दे. मी हौ म्हणून केलं नाही. त्याचा राग याच्यावर काढू नकोस.

शेवटचा शब्द सवयीने आला.

"आमेन."

"आमीन," हबीबभाई म्हणाले. दारातूनही एक "आमीन" आलं.

त्यांनी हात चेहऱ्यावरून फिरवले. "मराठी थी?"

"हौ."

"समझा कुछ नहीं," ते म्हणाले. "एक मेरा नाम समझा."

रविवार

फ्लेक्सवर कुणीतरी कागद चिकटवून चूक झाकली होती. मी उभा राहिलो. पाळकसाहेबांनी माईक माझ्या तोंडापाशी धरला. मी सांगितलं, की मी बरा झालो आहे आणि त्यात माझ्या प्रार्थनेचा काही हात नाही. करुणाने केली, तुम्ही केलीत, आणि नामपल्लीच्या एका गृहस्थांनी केली, ज्यांच्यासाठी मी शब्द देऊनही कालपर्यंत केली नव्हती. ते बरे नाहीत. त्यांचं नाव हबीब. एवढीच साक्ष आहे.

थोडी चुळबुळ झाली. पाळकसाहेबांनी अशी साक्ष कधी ऐकली नसावी. त्यांनी माईककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, करुणाकडे बघितलं. करुणा आधीच उभी राहिली होती. मग सगळी मंडळी उभी राहिली. पाळकसाहेबांनी आपल्या पूर्ण मैदानी आवाजात हबीबभाईंच्या आरोग्यासाठी प्रार्थना सुरू केली आणि ती थांबेचना. आमच्यानंतर त्याच हॉलमध्ये तेलुगू लोकांची उपासना असते. ते बाहेर ताटकळले होते. काय चाललंय विचारायला आत आले आणि कारण कळल्यावर तेही तेलुगूत सुरू झाले. म्हाताऱ्या बायका, ज्यांनी हबीब नावाच्या माणसाला जन्मात पाहिलं नव्हतं, डोळ्यांना पदर लावून त्याचं नाव घेत होत्या. नेहा माझा हात धरून उभी होती. मी डोळे मिटले होते, आणि आत झोप नव्हती. करुणा म्हणते ते जग जर कधी आलं, तर त्यात साधारण असाच गलका असेल असं मला वाटलं. तिथे मला बसायला जागा असावी अशी माझी लायकी नव्हती, तरी मी तिथे उभा होतो.

पुढच्या गुरुवारी हबीबभाईंचा स्कॅन झाला. गाठ होती तेवढीच होती.